परदेशी सेवेला निघण्याआधी आजीचे चार प्रश्न

दिवाळीच्या फराळाला सगळे जमलो होतो. इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीनं मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "मावशी, हे बघ. मे महिन्यात दोन आठवडे कंबोडिया. लहान मुलांच्या एका आश्रमात इंग्रजी शिकवायचं, तिथल्या कुटुंबात राहायचं आणि शनिवार-रविवारी देवळं बघायची. शेवटी प्रमाणपत्रही देतात." विमानाचं तिकीट धरून खर्च पावणेदोन लाखांच्या घरात जात होता. तिच्या बाबांनी आकडा ऐकून चहाचा कप खाली ठेवला. आई म्हणाली, "पुढे परदेशी शिकायला जाताना उपयोग होईल म्हणतात."

आजी करंज्यांचा डबा घेऊन आली होती. तिनं तिथेच उभ्याउभ्या विचारलं, "तुला बोलावलंय कुणी? आणि तू जाऊन करणार काय? तुला त्यांची भाषा येते का?"

भाची हसली. "अगं आजी, म्हणून तर इंग्रजी शिकवायचं आहे."

"आणि पंधरा दिवसांत ती पोरं इंग्रजी शिकतील?"

विषय तिथेच थांबला, पण माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांतली मुलं आता इंदूर, पुणे, बेंगळुरूला शिकतात. महाविद्यालयाच्या ग्रुपवर अशा सहलींच्या जाहिराती त्यांना रोज दिसतात. सेवाही होईल, देशही बघून होईल, नव्या लोकांत मिसळता येईल. मुलांना त्याची ओढ वाटते यात काही वाईट नाही. उलट पोरगी सुट्टीत मॉल सोडून सेवेचा विचार करते याचं मला कौतुकच वाटलं. पण आजीचे प्रश्नही खरे होते. म्हणून थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि जे हाती लागलं ते आपल्या मासिकातल्या तरुण वाचकांपुढे ठेवते आहे.

पहिला प्रश्न : बोलावलं कुणी?

दुसऱ्या देशात जाऊन श्रमदान करण्याची आजची पद्धत पहिल्या महायुद्धानंतर रुजली. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्डनजवळच्या, लढाईत बेचिराख झालेल्या एका गावात वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना एकत्र आणलं. त्यांत जर्मनही होते. कालपर्यंत शत्रू असलेल्यांनी मिळून गाव पुन्हा उभं करावं ही कल्पना सुंदर होती. पण ज्यांची माणसं आणि घरं गेली होती त्या गावाला जर्मन हात नको होते. विरोध वाढला आणि काही महिन्यांत काम आवरतं घ्यावं लागलं. हेतू शंभर टक्के चांगला असूनही हे घडलं, कारण गावाचं मन अजून तयार नव्हतं.

सेरेसोल यातून शिकले. त्यांची 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना पुढे वाढली. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा ते मोजक्या सोबत्यांना घेऊन भारतात आले. इथल्या मदतकार्याशी जोडून घेऊन, पुराच्या पाण्यापासून दूर नव्या वस्त्या उभारण्याचं काम त्यांनी केलं. एका फेरीत निघून न जाता ते पुन्हा पुन्हा आले. याच संघटनेचे स्वयंसेवक १९५० च्या दशकात बाबा आमटे यांच्या आनंदवनातही आले आणि बांधकामाला त्यांनी हात लावला. कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही लोक घाबरत त्या काळात परदेशी तरुण तिथे राहिले, जेवले, घाम गाळला. आनंदवनाला त्या वेळी विटा-दगड रचणारे हात हवेच होते, पण "इथे येऊन राहता येतं" हे जगाला दाखवणारी माणसं त्याहून जास्त हवी होती.

बोलावणं म्हणजे काय, याचं आपल्या मराठी माणसांतलं सर्वांत मोठं उदाहरण मात्र उलट्या दिशेचं आहे, इथून तिकडे गेलेल्याचं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा चिनी सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख होते, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी होते, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, आणि निमाड जिल्ह्यातलं आपलं बुऱ्हाणपूर त्याच प्रांतात होतं. म्हणजे त्या पथकातला एक डॉक्टर आपल्याच प्रांताचा होता, हे आपल्या मुलांना क्वचितच माहीत असतं.

सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीनं निघालं. इतर चौघं आपापलं काम करून परतले. कोटणीस राहिले. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते परत फिरले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून वैद्यकी शिकवू लागले. १९४१ मध्ये त्यांना बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालक केलं गेलं. गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं पाहिलेला आहे.

आता हे वाचून कुणी म्हणेल, आम्ही काय कोटणीस आहोत का? नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण त्यांच्या गोष्टीत आजीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. बोलावलं होतं. जे हवं होतं ते येत होतं. आणि भाषा शिकण्याइतका वेळ दिला.

दुसरा प्रश्न : तुला येतं काय?

आपल्याकडे केळीच्या बागेत घड उतरवायचा असतो तेव्हा पहिल्याच दिवशी आलेल्या माणसाच्या हाती कुणी कोयता देत नाही. एकानं घड खांद्यावर तोलायचा, दुसऱ्यानं नेमका घाव घालायचा. घड आपटला की फळ काळं पडतं आणि व्यापारी भाव पाडतो. हौशी पाहुण्याला आपण बांधावर बसवून केळी खाऊ घालतो, काम करू देत नाही. मग परदेशातल्या गावात गेलेल्या विद्यार्थ्याला शाळेची भिंत बांधता येईल असं आपण का धरून चालतो?

टांझानियात एका अनाथालयात ग्रंथालयाचं बांधकाम करायला गेलेल्या एका अमेरिकन तरुणीनं आपला अनुभव पुढे प्रामाणिकपणे लिहिला. मुली दिवसभर विटा रचत. रात्री गावचे गवंडी येऊन ती वाकडी भिंत उतरवत आणि सकाळ व्हायच्या आत पुन्हा सरळ बांधत, म्हणजे पाहुण्यांना वाईट वाटू नये. त्या सहलीला लागलेल्या पैशांत किती गवंड्यांना किती दिवसांची मजुरी मिळाली असती, हा हिशेब घरी बसून कुणालाही करता येईल.

भिंत वाकडी झाली तर पाडता येते. मुलांच्या बाबतीत तसं नसतं. म्हणून 'अनाथालयात मुलांना शिकवा, त्यांच्याशी खेळा' अशी जाहिरात दिसली की सगळ्यांत जास्त सावध व्हायला हवं. कंबोडिया आणि नेपाळ या दोन्ही देशांत अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असल्याचं पाहण्यांतून पुढे आलं आहे. मग ती मुलं तिथे कशी? बऱ्याचदा गरीब आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं आणली जातात, कारण मुलं असली की परदेशी पाहुणे येतात, देणग्या येतात. म्हणजे आपण भरलेले पैसेच मुलाला घरापासून तोडण्याचं कारण होऊ शकतात. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये मदतीचा ओघ सुरू झाला तेव्हा युनिसेफनं याच धोक्याबद्दल इशारा दिला होता. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्या वेळच्या चर्चेत मुलांना असं अनाथालयात आणणं हा गुलामगिरीचाच प्रकार मानला गेला.

मुलांच्या मनाचं काय होतं तेही बघा. दर दोन आठवड्यांनी नवी ताई, नवा दादा येतो, जीव लावतो, फोटो काढतो आणि निघून जातो. आपल्या घरातलं पोर कुणा अनोळखी माणसाजवळ असं पंधरा पंधरा दिवस आपण ठेवू का? ठेवणार नसू तर दुसऱ्याच्या पोराच्या बाबतीत ते चालतं असं का मानायचं?

हे मी भाचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, जाहिरातीत सगळी मुलं हसत होती गं."

तिसरा प्रश्न : भाषा येते का, राहणार किती?

संस्कृतीत मिसळणं हे शब्द जाहिरातींत फार स्वस्त झाले आहेत. एक दिवस तिथला पोशाख घालून फोटो, एक दिवस तिथला स्वयंपाक, एक लोकनृत्य. आपल्या घरी कुणी येऊन नऊवारी नेसून पुरणपोळी लाटून गेलं तर आपल्याला आनंदच होईल, पण त्याला मराठी संसार कळला असं आपण म्हणणार नाही.

खरं मिसळणं कसं असतं ते पाहायला फलटणला जायला हवं. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात संशोधनासाठी फलटणला आल्या. मराठी शिकल्या, इतकी की परक्यांना मराठी शिकवणारी पाठ्यपुस्तकं तयार करण्यात त्यांचा वाटा मोठा. वस्तीतली मुलं शाळेत जाऊनही वाचायला का शिकत नाहीत, हा प्रश्न त्यांना तिथे राहताना पडला. बाहेरून आणलेलं उत्तर त्यांनी मुलांवर लादलं नाही. त्या मुलांबरोबर बसून, त्यांच्याच बोलीतले शब्द घेऊन वाचन शिकवण्याची रीत त्यांनी घडवली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. फलटणला त्या मॅक्सिनमावशी झाल्या. ज्यांच्या नावानं ती शाळा आहे त्या कमला निंबकरही मूळच्या अमेरिकन. लग्न करून भारतात आल्या आणि १९५० मध्ये मुंबईत व्यवसायोपचाराचं शिक्षण देणारी शाळा त्यांनी सुरू केली.

सगळ्यांनी आयुष्य वाहून टाकावं असं नाही. पण थोडक्या दिवसांत काय शक्य आहे आणि काय नाही हे ओळखून निघावं. पंधरा दिवसांत आपण कुणाला शिकवू शकत नाही. पंधरा दिवसांत आपण पुष्कळ शिकू मात्र शकतो. 'मी सेवा करायला चालले' म्हणण्यापेक्षा 'मी शिकायला चालले' म्हटलं की पुष्कळ गोष्टी जागच्या जागी बसतात. मग आपण तोंड कमी उघडतो, कान जास्त.

इथे बुऱ्हाणपूरच्या मुलांचं एक भांडवल सांगायला हवं. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात खानदेशी आणि निमाडी, पलीकडच्या गल्लीत उर्दू, कुणा शेजाऱ्याच्या घरी गुजराती. दोन वाक्यांत भाषा बदलण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. दुसऱ्याचा शब्द कळला नाही तर न लाजता "म्हणजे काय?" विचारायची सवय असते. ही सवय पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा आपल्याकडे जास्त आहे. ती परदेशात उपयोगी पडते आणि घराजवळही.

परका मुलूख दोन-तीन तासांवर

घराजवळ म्हणजे किती जवळ? खकनार तालुक्यातून पुढे राज्याची सीमा ओलांडली की अमरावती जिल्ह्यातली धारणी येते. मेळघाट सुरू होतो. सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला तिथे पोहोचतो. त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना कोरकू समाज राहतो. त्यांची भाषा मराठीचीही बहीण नाही आणि हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली आहे, म्हणजे तिचं नातं झारखंडच्या संथाळी आणि मुंडारीशी आहे. 'कोरकू' या शब्दाचा त्या भाषेतला अर्थ आहे 'माणसं'. आपल्यातल्या कितींना कोरकूची दोन वाक्यं येतात? आठवडी बाजारात हे लोक आपल्याला रोज दिसतात, आपल्या शेतांवर राबतात, आणि आपण कंबोडियाच्या संस्कृतीत मिसळायला निघतो.

टोमणा म्हणून हे लिहिलेलं नाही. मला स्वतःलाच हे लिहिताना संकोच वाटतो, कारण माझं सगळं आयुष्य इथे गेलं आणि मलाही ती भाषा येत नाही.

मेळघाटात पावसाळा म्हणजे रस्ते तुटण्याचा, घरातलं धान्य संपत येण्याचा आणि लहान मुलं आजारी पडण्याचा काळ. पुण्याची 'मैत्री' ही संस्था १९९७ पासून तिथे काम करते आहे. तिच्या धडक मोहिमेत शहरातले स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी गावात राहायला जात. घरोघरी फिरून मुलं बघायची, जुलाब झालेल्याला मीठ-साखरेचं पाणी द्यायला आईला शिकवायचं, गंभीर मूल दवाखान्यापर्यंत पोहोचवायचं. कामं साधी, पण नेमकी. कुणी काय करायचं हे आधी शिकवलेलं असतं आणि एक तुकडी परतली की दुसरी तिथूनच पुढे काम उचलते. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्यानं अनेक वर्षं राहून दवाखाना चालवला. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

थोडं लांब जायची तयारी असेल तर भुसावळ, वर्धा करत चंद्रपूर जिल्ह्यात जाता येतं. मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पात बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातल्या ऐन उन्हात आठवडाभर पहाटे उठायचं, श्रमदान करायचं, दुपारी भाषणं आणि चर्चा. छावणीत आलेल्या कितीतरी मुलामुलींच्या आयुष्याचा रस्ता तिथे बदलला. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू केला. आपण कशासाठी शिकतो आहोत, हा प्रश्न घेऊन तरुण तिथे जातात. आणि महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना तर आहेच. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती सुरू झाली. तिचं सात दिवसांचं गावातलं शिबिर अनेक जण हजेरीपुरतं उरकतात. मनावर घेतलं तर परदेशातल्या कामाची याहून चांगली तालीम नाही.

चौथा प्रश्न : तू परतल्यावर तिथे काय राहील?

हा प्रश्न आजीनं दुसऱ्या दिवशी विचारला, तेही कुंडी भंडाऱ्यावर. भाचीच्या इंदूरच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना दाखवायला आम्ही गेलो होतो. लिफ्टनं सुमारे ८० फूट खाली उतरायचं, पायाखालून गार पाणी वाहतंय, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. आपण इथले असल्यानं वर्षानुवर्षं तिथे जात नाही आणि पाहुणे आले की मगच आठवण होते.

मैत्रिणींना मी गोष्ट सांगितली. जहांगिराच्या काळात, १६१५ मध्ये, अब्दुल रहीम खानखाना यांनी ही पाण्याची व्यवस्था उभी करवली. हेच ते दोहे लिहिणारे रहीम. योजना होती तबकुतुल अर्ज या फारसी भूजलतज्ज्ञाची. इराणात डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं गावापर्यंत आणण्याची जुनी रीत आहे. सातपुड्यातून जमिनीत मुरून तापीकडे जाणारं पाणी त्यानं इथे हेरलं आणि ते अडवून शहराकडे वळवलं. शंभराहून अधिक कुंड्या, त्यांना जोडणारा भूमिगत मार्ग, कुठेही पंप नाही, फक्त उतार. २०२४ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं.

आजी वरतीच, कुंडीच्या कठड्याशी बसली होती. आम्ही वर आल्यावर म्हणाली, "तो माणूसही परक्या मुलखातूनच आला होता ना? तो गेला, पाणी राहिलं. तू पंधरा दिवसांनी परत येशील तेव्हा तिथे काय राहील?"

मला वाटतं, सगळ्या लेखाचं सार या प्रश्नात आहे. तबकुतुल अर्जनं जे ज्ञान आणलं ते इथे नव्हतं. पण खणणारे हात इथले होते, दगड इथला होता आणि तो गेल्यावर कुंड्या साफ करणारे, क्षार खरवडणारे लोकही इथलेच होते. म्हणून चारशे वर्षांनी पाणी वाहतं आहे. जिथे गावानं काम आपलं मानलं नाही तिथे पाहुणा गेला की काम बंद पडतं. बाहेरच्या संस्थेनं बसवलेला आणि दुरुस्तीविना पडलेला हातपंप कुणी पाहिला नाही?

आपला जिल्हा २००३ मध्ये झाला, तसा लहानच. पण जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळाचं पाणी पोहोचल्याचं प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा तो ठरला. नळ जोडणं हे सरकारी काम झालं. नळ चालू ठेवणं, पाणीपट्टी गोळा करणं, गळती शोधणं ही गावाची कामं. इंजिनिअरिंगच्या मुलीला शिकण्यासारखं यात किती आहे, याचा विचार त्या दिवशी तिनं पहिल्यांदा केला, असं ती नंतर म्हणाली.

तरीही परदेशीच जायचं असेल तर

जरूर जा. जग बघायलाच हवं. फक्त पैसे भरण्याआधी संस्थेला पत्र लिहून काही गोष्टी स्पष्ट विचारा.

- हे काम कुणाच्या मागणीवरून सुरू झालं? तिथल्या ज्या शाळेशी किंवा ग्रामसभेशी तुम्ही जोडलेले आहात तिच्याशी आमचं थेट बोलणं करून द्याल का?
- आम्ही भरलेल्या पैशांतले किती त्या गावात खर्च होतात? तिथल्या किती लोकांना पगार मिळतो?
- आम्ही करणार ते काम गावातला माणूस मजुरी घेऊन करू शकला असता का? मग आम्ही कशाला?
- मुलांसोबतचं काम असेल तर आमची पोलीस पडताळणी मागता का? जी संस्था मागत नाही तिथे जाऊ नका. आणि अनाथालयाचं काम असेल तर नम्रपणे नाही म्हणा.
- आमच्या आधी कोण आलं होतं आणि आमच्यानंतर काम कोण पुढे नेणार?

काही व्यवहाराच्या गोष्टीही आहेत. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी सेवाकामालाही परवानगी नसते, म्हणून व्हिसा कोणता ते लेखी घ्या. वैद्यकीय विमा काढा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जायचं असेल तर प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी त्याची लस घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडचण होते. दुसऱ्याच्या मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय टाकू नका. आपल्या घरातल्या मुलांना जो नियम, तोच तिथे.

पैसे न भरताही जाण्याचे रस्ते आहेत, मात्र त्यांना वेळ आणि पात्रता लागते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० च्या ठरावानं सुरू झाला. त्यातल्या स्वयंसेवकाला राहण्या-जेवण्यापुरता भत्ता मिळतो, त्याच्याकडून शुल्क घेत नाहीत. अठरा वर्षांवरच्यांना घरी बसून इंटरनेटवरून करायची कामंही तिथे असतात. भाषांतर, आराखडे, माहितीची मांडणी. चार भाषा येणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या मुलांनी हे जरूर बघावं.

आणि पालकांनो, एक विनंती आपल्यालाही. प्रमाणपत्रासाठी मुलांना पाठवू नका. पुढच्या प्रवेशाच्या अर्जात दोन ओळी वाढाव्यात म्हणून कुणाच्या गरिबीचं दर्शन घडवून आणणं आपल्या घरच्या शिकवणुकीत बसत नाही.

भाचीचं काय झालं ते सांगते. तिनं त्या संस्थेला हेच प्रश्न लिहून पाठवले. पैशांचा हिशेब आणि आश्रमाशी बोलणं करून देणं सोडून बाकी सगळ्याचं छान छापील उत्तर आलं. तिनं कंबोडिया रद्द केलं नाही, पुढे ढकललं आहे. खमेर भाषेचे धडे ती इंटरनेटवर शोधते आहे. ते नक्की जमेल का, मला माहीत नाही. या मेमध्ये मात्र ती सोमनाथच्या छावणीचा अर्ज भरणार आहे आणि पावसाळ्यात धारणीकडे जाता येईल का ते विचारते आहे. तिच्या बाबांना पैसे वाचल्याचा आनंद आहे, पण मेळघाटातला पाऊस आणि रस्ते यांची काळजीही.

आजीनं तिला एक काम लावलं आहे. आमच्या शेतावर येणाऱ्या कोरकू बायांकडून रोज पाच शब्द शिकून यायचे आणि संध्याकाळी आजीला म्हणून दाखवायचे. परवा सुट्टीत ती आली होती तेव्हा पहिले पाच झाले. उच्चार चुकला म्हणून त्या बाया खूप हसल्या, असं ती सांगत होती. मग त्यांतली एक तिला पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणायला लावत राहिली, नीट जमेपर्यंत.